पोर्टेबल शॉर्टवेव्ह रेडिओवर दूरची केंद्रे कशी लावावीत

शॉर्टवेव्हची सोय असलेला लहान रेडिओ हौसेने घरी आणला जातो, भर दुपारी बैठकीच्या खोलीत सुरू केला जातो आणि खरखरीखेरीज काही ऐकू येत नाही म्हणून लवकरच कपाटात ठेवला जातो. बहुतेक वेळा संचात काहीच दोष नसतो. चुकलेली असते ती जागा आणि वेळ. एफएमचे केंद्र दिवसभर त्याच ठिकाणी तितक्याच स्पष्टपणे लागते, शॉर्टवेव्हचे तसे नाही. म्हणून आधी जागा ठरवावी, मग वेळ, मग बँड (म्हणजे वारंवारतेचा पट्टा), आणि बटणांकडे त्यानंतर वळावे.

जागा

आजच्या घरात शॉर्टवेव्हचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे विजेची उपकरणे. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इंटरनेटचा राउटर यांच्यातून सतत रेडिओलहरींचा कचरा बाहेर पडत असतो आणि दूरच्या केंद्राचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. त्यातच आरसीसी इमारतीच्या स्लॅबमधील आणि खांबांमधील लोखंड बाहेरून येणाऱ्या लहरी अडवते. यावर उपाय असा: रेडिओ अ‍ॅडॉप्टरवर न लावता सेलवर चालवावा, 7000 किलोहर्ट्झच्या आसपास एखादी रिकामी जागा लावावी, आवाज मध्यम ठेवावा आणि संच हातात घेऊन घरभर सावकाश फिरावे. खरखर कोठे वाढते आणि कोठे मंदावते, हे पाच मिनिटांत कानांना कळते. त्यानंतर एकेक दिवा, एकेक चार्जर बंद करून पाहावा. एखादा स्वस्त चार्जर काढताच आवाज निम्म्याने उतरल्याचा अनुभव अनेकांना येतो. खिडकीची कड, बाल्कनी किंवा शक्य असल्यास गच्ची हीच ऐकण्याची योग्य जागा होय. संचाची एरियल पूर्ण ओढून लांब करावी.

वेळ आणि बँड

हा भाग नीट समजून घेतल्यास उरलेले काम सोपे होते. 3 ते 30 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी वातावरणाच्या वरच्या, आयनीभूत थरांवरून वळून पुन्हा जमिनीकडे येतात, म्हणूनच हजारो किलोमीटरवरचे प्रक्षेपण लहान संचावरही ऐकू येते. लहरींना परत पाठवणारा मुख्य थर साधारण 200 ते 400 किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्या खाली, 60 ते 90 किलोमीटरच्या दरम्यान, दिवसा उन्हामुळे आणखी एक थर तयार होतो आणि तो कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर हा खालचा थर विरतो आणि त्या लहरींची वाट मोकळी होते. उलट, जास्त वारंवारतेच्या लहरींना वळवण्याइतकी ताकद वरच्या थरात प्रामुख्याने दिवसाच असते.

यातून निघणारा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: ऊन असताना वरचे बँड, अंधार असताना खालचे. बँडची नावे लहरींच्या लांबीवरून, मीटरमध्ये दिलेली असतात. दिवसा 19 मीटर (सुमारे 15100 ते 15800 किलोहर्ट्झ) आणि 16 मीटर (सुमारे 17480 ते 17900) पाहावेत. अंधार पडल्यावर 49 मीटर (5900 ते 6200) आणि 41 मीटर (7200 ते 7450) जिवंत होतात. 31 मीटर (9400 ते 9900) आणि 25 मीटर (11600 ते 12100) हे मधले बँड संध्याकाळी आणि पहाटे सर्वाधिक उपयोगी पडतात, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात 31 मीटरपासून करावी. संचावर केवळ मीटर छापलेले असतील, तर 300 ला मीटरच्या आकड्याने भागल्यावर साधारण मेगाहर्ट्झ मिळतात. सौरडागांच्या सुमारे 11 वर्षांच्या चक्राचाही यावर परिणाम होतो. 2024 च्या सुमारास हे चक्र शिखरावर होते आणि अशा काळात वरचे बँड विशेष चांगले चालतात.

दिवसातील सर्वोत्तम काळ कोणता, असे विचारल्यास सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या आगेमागेचा एकेक तास, असे निःशंकपणे सांगावेसे वाटते. नोकरी सांभाळून ऐकणाऱ्यालाही तो परवडतो.

केंद्र लावणे

केंद्रांची वेळापत्रके जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत, दिलेली असतात. भारतीय वेळ काढण्यासाठी तिच्यात साडेपाच तास मिळवावेत: 1330 यूटीसी म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे 7, आणि 2000 यूटीसी म्हणजे दुसऱ्या दिवसाची पहाटे दीडची वेळ. बहुतेक केंद्रे वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, वारंवारता बदलतात. जुने वेळापत्रक हाती असेल तर योग्य वेळी योग्य जागीही शांतता मिळते.

संच तपासण्यासाठी 10000 किलोहर्ट्झ ही जागा उत्तम. येथे चीनमधील बीपीएम हे वेळसंकेत केंद्र प्रत्येक सेकंदाला ठोका देते आणि परिस्थिती अनुकूल असेल तर ते आपल्याकडे ऐकू येते. (काही स्वस्त संच 31 आणि 25 मीटरमधली ही जागा गाळतात, अशा संचावर तपासणीसाठी 31 मीटरवरचे एखादे केंद्र शोधावे.) अंकांची कळपट्टी असल्यास वारंवारता थेट टाइप करावी. प्रसारणकेंद्रे सहसा 5 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, म्हणून शोध घेताना पाचाच्या टप्प्यांनी पुढे जावे आणि प्रत्येक टप्प्यावर दोनतीन सेकंद थांबावे. शॉर्टवेव्हचा आवाज भरतीओहोटीसारखा चढतो-उतरतो. घाईने पुढे गेल्यास नेमक्या ओहोटीच्या क्षणी चांगले केंद्र निसटते. आपोआप शोधणारी सोय क्षीण केंद्रांवर थांबत नाही, त्यामुळे तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. काट्याच्या संचावर चकती केसभर फिरवली तरी केंद्र जाते, तेथे बोटाचा संयम हवा.

शेजारचे केंद्र आत घुसत असेल तर बँडविड्थ, म्हणजे संच एका वेळी ऐकतो त्या पट्ट्याची रुंदी, अरुंद करावी. आवाज थोडा कोंदट होतो, पण बोलणे कळते. एसएसबीची (लहरीची एकच बाजू वापरणाऱ्या प्रक्षेपणाची) सोय असल्यास हौशी रेडिओचालकांचे, म्हणजे हॅम मंडळींचे, संभाषण 7000 ते 7200 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एलएसबी (खालची बाजू) लावून ऐकता येते. 14 मेगाहर्ट्झच्या बँडवर त्याऐवजी यूएसबी (वरची बाजू) लागते. साध्या स्थितीत हे बोलणे बदकाच्या आवाजासारखे अगम्य वाटते, तो संचाचा दोष नव्हे.

काय ऐकायला मिळेल, याबाबत अपेक्षा मात्र वास्तव ठेवावी. बीबीसीची हिंदी शॉर्टवेव्ह सेवा जानेवारी 2020 मध्ये बंद झाली आणि अनेक देशांनी प्रक्षेपण आवरते घेतले. तरीही चिनी, अरबी आणि इंग्रजी प्रक्षेपणे रोज भेटतात, आणि कधी मध्यरात्रीनंतर आफ्रिकेकडून येणारे संगीतही.

तारेची एरियल

अधिक हवे असल्यास 5 ते 10 मीटर लांबीची, प्लास्टिकचे आवरण असलेली साधी तार घ्यावी, एका टोकाची तांब्याची तार उघडी करून चिमट्याने संचाच्या एरियलला जोडावी आणि उरलेली खिडकीबाहेर आडवी ताणावी. विजेच्या तारांच्या आसपास ती कधीही नेऊ नये. पावसाळ्यात आणि त्याआधीच्या वळवाच्या दिवसांत ढग गडगडू लागताच ती काढून खिडकीपासून दूर ठेवावी. ही सूचना जिवाशी संबंधित आहे. फार लांब तारेने लहान संचाचे अनेकदा नुकसानच होते: प्रबळ केंद्रे एकमेकांत मिसळतात आणि एकच केंद्र भलत्या जागी, बहुधा 910 किलोहर्ट्झ खाली, पुन्हा ऐकू येते. तसे झाल्यास संचाची संवेदनशीलता कमी-जास्त करणारे डीएक्स-लोकल बटण लोकलवर न्यावे किंवा तार आखूड करावी.

नोंद आणि अहवाल

ऐकलेल्या प्रत्येक केंद्राची तारीख, यूटीसी वेळ, वारंवारता आणि भाषा वहीत लिहावी. केंद्राला ग्रहण अहवाल, म्हणजे प्रक्षेपण कसे ऐकू आले याची माहिती, पाठवल्यास अनेक केंद्रे पोचपावती म्हणून सचित्र क्यूएसएल कार्ड पाठवतात. अहवालात ‘सिनपो’ गुण द्यावेत: संकेताची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, खरखर, आवाजाचा चढउतार आणि एकूण दर्जा, प्रत्येकी 1 ते 5. सर्व काही उत्तम असेल तर 55555. सोबत किमान पंधरावीस मिनिटांच्या कार्यक्रमाचा तपशील, संचाचे नाव आणि एरियलचा प्रकार कळवावा. कार्यक्रम आवडला एवढेच लिहिल्यास प्रक्षेपण सांभाळणाऱ्या अभियंत्याला त्याचा उपयोग होत नाही. आपल्या गावी, त्या वेळी, त्या वारंवारतेवर आवाज कसा पोचला, हे त्याला हवे असते.