शांघायच्या कॅलेंडरमधली बाई कशी पाहावी (बडोद्याच्या चित्रप्रेमींसाठी)

साधारण १९१० ते १९४० या काळात शांघायमधल्या सिगारेट, साबण आणि औषधांच्या कंपन्या गिऱ्हाइकांना चित्रांची कॅलेंडरं वाटायच्या. चिनीत त्यांना ‘युएफनपाय’ म्हणतात. त्यातली बाई पाहिली की ‘ही तर मडमेची नक्कल’ असं पटकन तोंडून निघतं. ते अर्धंच खरं आहे. बाहेरून काय आलं आणि घरचं काय होतं, हे चित्रावरूनच वेगळं काढता येतं. फक्त पाहण्याचा क्रम सांभाळावा लागतो.

आधी फतेहसिंह संग्रहालयात एक चक्कर मारून या. राजा रविवर्मा यांनी सयाजीरावांसाठी काढलेली १४ पौराणिक चित्रं १८९० मध्ये पुरी झाली. त्यांची तैलचित्रं तिथे समोर उभं राहून पाहता येतात. एकाच चित्रासमोर दहा मिनिटं थांबा आणि एवढंच टिपून घ्या: उजेड कुठून येतोय, आणि कुठला गाल अंधारात गेलाय? ही नोंद शेवटी लागणार आहे.

घरी तीन चित्रांच्या ए-३ प्रती काढा: एक १९१४-२० ची, एक १९२७ च्या आसपासची, एक १९३५ च्या सुमाराची. एका बैठकीला तीन पुष्कळ झाली. जुनं म्हणून कुणी मूळ कागदच दाखवला, तर पिवळेपणावर जाऊ नका, तो चहाच्या पाण्यानेही आणता येतो. आडवी चिनी अक्षरं डावीकडून उजवीकडे लिहिलेली असतील तर शंका घ्या. त्या काळी ती बहुधा उजवीकडून वाचायची असत.

सुरुवात पायापासून करा. चेहऱ्यापासून केली की नजर तिथेच अडकते. चीनमध्ये पावलं लहान राहावीत म्हणून मुलींचे पाय लहानपणीच घट्ट बांधत. बांधलेल्या पावलाचा आदर्श तीन चिनी इंचांचा, म्हणजे जेमतेम १० सेंमी. पाय बांधण्याविरुद्ध चिनी सुधारक बोलत होतेच. १८९५ मध्ये शांघायच्या परदेशी बायकांनीही त्यासाठी संस्था काढली. १९०२ मध्ये राजदरबाराने या प्रथेविरुद्ध फर्मान काढलं, १९१२ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने बंदी घातली. त्यामुळे पहिल्या चित्रात शाळकरी मुलगी पाऊल मोकळं ठेवून चामडी बूट घालून दिसेल, तर तिसऱ्यात उंच टाचा. एक चूक इथे नेहमी होते: घागऱ्याखाली पाऊल झाकलेलं असलं की लोक ते बांधलेलं धरतात. न दिसणाऱ्या पावलाबद्दल काही लिहू नका.

मग छाती आणि कंबर. ट्रेसिंग पेपरवर फक्त बाहेरची रेषा उतरवा आणि तिन्ही कागद एकावर एक ठेवा. सगळ्यात जास्त शिकवणारी पायरी हीच. १९२० च्या दशकात तरुणी घट्ट बंडी घालून छाती सपाट करत. १९२७ मध्ये ग्वांगडोंग प्रांताने त्यावर बंदी आणली. पुढच्या काही वर्षांत चित्रातली रेषा वळणदार होते. ‘चीपाव’ हा झगा आधी सैल आणि रुंद बाह्यांचा होता. १९३० नंतर तो अंगाला बेतून येऊ लागला. पण कापणी तेव्हाही सपाटच होती. छातीपाशी ब्लाउजसारखे टक्स आणि वेगळी जोडलेली बाही दिसली, तर तो झगा सहसा चाळिशीच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. शिवणकाम येणारी एखादी मावशी सोबत असेल तर हे ती तुमच्याआधी पकडेल.

केस आणि हसू यांना फार वेळ लागत नाही. १९२० च्या दशकात बॉबकट, १९३० च्या दशकात पर्म. हसताना दात दिसू नयेत अशी जुनी शिकवण होती. कॅलेंडरमधली बाई दात दाखवून हसत असेल, तर तिथे सिनेमा आणि फोटो स्टुडिओचा वारा लागलाय.

गोरेपणाशी मात्र जपून. तो पश्चिमेकडून आलेला नाही. ‘शीजिंग’ या इसवी सनापूर्वीच्या काव्यसंग्रहात राणीची कांती थिजलेल्या चरबीसारखी आणि दात भोपळ्याच्या बियांसारखे म्हटले आहेत. ‘एक गोरेपणा तीन व्यंगं झाकतो’ ही म्हणही चिनीच (आपल्याकडच्या वधूवर जाहिराती आठवा). पापणीवरची घडीही एकटी पुरावा धरू नका, कितीतरी चिनी लोकांना ती जन्मतःच असते. जुनी आवड लांबट, टोकाला वर गेलेल्या डोळ्यांची होती. ते गोल आणि मोठे झाले असतील तरच नोंद करा.

आता संग्रहालयातली टिपणं काढा आणि गालांकडे वळा. चंग मान्तुओ या चित्रकाराने १९१४ च्या सुमारास शांघायमध्ये जी पद्धत रूढ केली, तिच्यात काजळीच्या भुकटीने छाया घासून वर पारदर्शक जलरंग चढवतात. गाल फुगीर दिसतो, पण अर्धा चेहरा कधी काळोखात जात नाही. चेहऱ्यावरची गडद सावली चिनी डोळ्यांना खटकायची. अठराव्या शतकात चिनी दरबारात असलेल्या कास्तिल्योने या इटालियन चित्रकारालाही बादशहाच्या चेहऱ्यावरची सावली आवरती घ्यावी लागली होती. पाश्चात्त्य उजेड घेतला, पण त्याची सावली दाराबाहेरच ठेवली.

हाताने करून पाहिल्याशिवाय हे नीट उमगत नाही. गुळगुळीत जाड कागद घ्या. खरखरीत कागदाच्या खाचांत भुकटी बसते आणि गालावर देवीचे व्रण उठतात. पुसट पेन्सिलीने चेहरा काढा. चिमूटभर कोळशाची भुकटी झिजलेल्या ब्रशने नाकाच्या कडेला, हनुवटीखाली आणि गालाच्या काठाला घासा. मध्यभाग कोरा ठेवा. कागद उभा धरून मागून टिचकी मारा, म्हणजे सुटी भुकटी गळेल. ती राहिली तर पाणी लागताच गुलाबीची राख होते. मग पातळ रंगाचे तीन-चार थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर पुढचा, आणि ब्रश एकाच जागी दोनदा फिरवू नका.