फुटबॉल सुटल्यावर काय? कोल्हापूरच्या कॉलेज खेळाडूंसाठी

कॉलेजच्या संघात निवड झाली की कोल्हापूरचा पोरगा दोन संघांचा होतो, एक कॉलेजचा आणि एक तालमीचा. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल संघ उभे करणारं असं शहर मी दुसरं पाहिलेलं नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथं लहान पोरालाही पाठ असतात. शाहू स्टेडियमवर टायब्रेकर अडवलेला गोलकीपर पेठेत वर्षानुवर्षं ओळखला जातो. हे प्रेम खरं आहे. मी ते अनुभवलंय आणि त्याबद्दल आजही मनापासून कृतज्ञ आहे.

पण जे नव्यानं कॉलेजच्या संघात आलेत त्यांना एक गोष्ट पहिल्याच वर्षी कळायला हवी. पेठ लक्षात ठेवते तो सामना आणि कागद लक्षात ठेवतो तो सामना, हे दोन वेगळे सामने असतात. हजारो लोकांसमोर चषकाच्या फायनलमध्ये मारलेला गोल नोकरीच्या अर्जात कुठंच बसत नाही. उलट पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेतला एखादा सामना परक्या विद्यापीठाच्या मैदानावर भल्या सकाळी होतो. बघायला दोन्ही संघांचे राखीव खेळाडू आणि मैदान आखणारा माणूस, एवढेच. तरीही पुढं दहा-वीस वर्षं तुमच्या उपयोगी पडणारा तोच. शिवाजी विद्यापीठाकडून मी स्टॉपर म्हणून, म्हणजे मधल्या बचावात, खेळलो आणि तालमीकडूनही खेळलो. आज हातात असलेली नोकरी पहिल्या खेळाची देणगी आहे, आणि आज मला असलेली माणसं दुसऱ्याची.

आधी कागदाचं बोलतो, कारण तिथंच पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं. महाराष्ट्रात सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. ‘खेळाडू आहे’ एवढं सांगून ते मिळत नाही. पदाच्या गटानुसार कामगिरीची पातळी ठरलेली आहे आणि नुसता सहभाग पुरत नाही, सहसा पहिल्या तिनांत यावं लागतं. स्पर्धाही मान्यताप्राप्त क्रीडा संघटनेची किंवा भारतीय विद्यापीठ संघाची (एआययू) असावी लागते. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून होते आणि ती प्रक्रिया नोकरीच्या अर्जाच्या मुदतीआधीच सुरू केलेली असावी लागते. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं उघडकीला आल्यापासून तपासणी कडक झाली आहे, आणि ते योग्यच झालं. खऱ्या खेळाडूच्या जागेवर खोट्या कागदानं कुणी बसू नये. मात्र त्यामुळं खऱ्या खेळाडूलाही कागद चोख ठेवणं आलं. नावातलं स्पेलिंग, जन्मतारीख, स्पर्धेचं वर्ष, संघटनेचा शिक्का हे सगळं प्रमाणपत्र हातात पडल्याच दिवशी तपासा. चूक असेल तर सचिव बदलण्याआधी, कॉलेज सुटण्याआधी दुरुस्त करून घ्या. निवडपत्र, संघाची यादी, सामन्याचा निकाल, सगळ्याच्या प्रती ठेवा. आमच्यातला एक हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, बरीच वर्षं एका प्रमाणपत्रावरच्या आडनावाच्या दुरुस्तीसाठी हेलपाटे घालत होता. तोवर त्याची वयोमर्यादा निघून गेली.

दुसरी गोष्ट कडू आहे, पण सांगतोच. विसाव्या वर्षी कॉलेजच्या संघात असलेल्या पोरासाठी आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीग या व्यावसायिक स्पर्धेचं, दार जवळजवळ बंद झालेलं असतं. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. व्यावसायिक क्लब खेळाडू शोधतात ते १३, १५, १७ वर्षांखालच्या वयोगटांत. पूर्वी मुंबईत रेल्वे, बँका आणि कंपन्यांचे संघ होते. चांगला खेळणाऱ्याला तिथं नोकरी लागायची आणि कूपरेजवर खेळायला मिळायचं. त्यातले बरेच संघ आता नाहीत. महिंद्रा युनायटेडसारखा देश गाजवलेला संघसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. रेल्वेची खेळाडू भरती अजून निघते, तिच्यावर लक्ष ठेवा. पण फक्त तिच्या भरवशावर पदवीचं वर्ष वाया घालवू नका.

आता शरीर. खेळ थांबतो, भूक थांबत नाही. संध्याकाळी दोन तास पळणाऱ्या माणसाचं जेवण तसंच राहतं, तांबडा-पांढऱ्याची वाटीही तशीच भरते आणि वर्षभरात पँट बसेनाशी होते. यावर उपाय सोपा आहे. ज्या वेळी सराव होता त्याच वेळी काहीतरी करत राहा, चालणं, पोहणं, सायकल, काहीही. वेळ मोडू देऊ नका.

गुडघ्याचं मात्र सोपं नाही. आपल्याकडं ‘लिगामेंट गेलंय’ असं सहज म्हणतात आणि पट्टी बांधून पुढच्या सामन्याला उतरवतात. पुढच्या बाजूचं लिगामेंट तुटलेला गुडघा सरळ पळताना कधी कधी साथ देतो. वळताना, उडी मारून उतरताना तो निसटतो आणि प्रत्येक निसटण्यात आतल्या गादीला आणि कूर्चेला इजा होते. ते नुकसान तिशी-पस्तिशीत जिना चढताना कळतं. शस्त्रक्रिया झाली तर मैदानावर परतायला किमान नऊ महिने धरा आणि मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला आल्याशिवाय उतरू नका. ‘खेळायचंच नाही, मग व्यायाम कशाला’ म्हणून फिजिओथेरपी अर्धवट सोडणारे मी खूप पाहिले. खेळायचं नसेल तरी उकिडवं बसायचं असतं, दुचाकी चालवायची असते, पोराला खांद्यावर घ्यायचं असतं. माझा उजवा गुडघा गेला तेव्हा फिजिओनं दिलेले व्यायाम मी आजतागायत सोडलेले नाहीत.

आणि मग येतो तो बाहेर बसल्याचा पहिला सीझन. डिसेंबरच्या आसपास सामने सुरू होतात. दुपारी स्टेडियमच्या बाजूनं आवाज येतो आणि आपण उद्यमनगरात लेथवर किंवा एखाद्या ऑफिसात बसलेलो असतो. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘भावा, यंदा खेळंनास?’ विचारणाऱ्याच्या मनात माया असते, तरी उत्तर देताना घसा दाटतो. इतकी वर्षं पेठेनं ज्या नावानं हाक मारली ते नाव जर्सीसोबत उतरल्यासारखं वाटतं. यात कमकुवतपणा काही नाही. झोप लागत नसेल, दारू वाढत असेल, माणसं टाळावीशी वाटत असतील तर घरात बोला, डॉक्टरांना दाखवा. मैदानावर दुखापत लपवायची सवय लागलेली असते, ती इथं घात करते.

मला तालमीतल्या एका वयस्कर वस्तादांनी सावरलं. ते म्हणाले, ‘खेळू नकोस, पण चारला मैदानात ये. बारकी पोरं हायत, त्यांच्याकडं बघ.’ मी जात राहिलो. कोन मांडायचे, बॉलमध्ये हवा भरायची, चौदा वर्षांखालच्या पोरांना पास कुठल्या पायानं थांबवायचा ते दाखवायचं. त्यातूनच पुढचा रस्ता दिसला. हेच सगळ्यांना लागू पडेल असं मी म्हणत नाही. माझ्या बरोबरीचा डावा विंगर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागला. खाडा न करता काम शिकत गेला आणि मैदानाकडं पुन्हा फिरकला नाही. आज तो स्वतःच्या घरात सुखात आहे. काहींना खेळाच्या जवळ राहूनच बरं वाटतं, काहींना लांब गेल्यावर. आपण कुठले, हे एका सीझनमध्ये कळतं.

जवळ राहायचं असेल तर शिक्षणाचे रस्ते आहेत. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, दोन वर्षांची आहे. अनुदानित शाळांत क्रीडाशिक्षकांच्या कायम जागा फार कमी निघतात, खासगी शाळांत संधी जास्त पण पगार आणि खात्री कमी, हे डोळे उघडे ठेवून पत्करा. मला सगळ्यात पटलेला रस्ता त्यापुढचा आहे. एम.पी.एड.ला, म्हणजे त्यातल्या पदव्युत्तर पदवीला, ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा पास असेल तर महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी अर्ज करता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत या पदासाठी आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत कॉलेज अथवा विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केल्याची नोंद मागितली आहे. पदक न मिळालेल्या साध्या कॉलेज खेळाडूचा खेळही इथं धरला जातो. शिवाय धावण्याची चाचणी असते. तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. कोल्हापुरात आता मुलीही जोमानं फुटबॉल खेळू लागल्यात. त्यांनी हा रस्ता आवर्जून पाहावा, कारण मुलींच्या संघासोबत जाणाऱ्या जाणत्या बाईंची गरज प्रत्येक कॉलेजला आहे.

प्रशिक्षक व्हायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, म्हणजे एनआयएसचा, वर्षभराचा डिप्लोमा आहे. दुसरीकडं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढती शिडी आहे. डी परवाना काही दिवसांत होतो, नोकरी सांभाळून करता येतो. लहान मुलांना शिकवायचं असेल तर तिथूनच सुरुवात करा. मोठं नाव असलेला खेळाडूसुद्धा दहा वर्षांच्या पोरासमोर पहिल्या दिवशी गोंधळतो, कारण आपल्याला जे आपोआप जमतं ते सांगता येत नाही. ते या वर्गात शिकायला मिळतं.

पंचगिरीकडं मात्र फार थोडे खेळाडू वळतात, आणि याची मला खंत वाटते. आपल्या स्टेडियमवर पंचांच्या निर्णयावरून किती तापतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा सामन्यात स्वतः खेळलेला, खोटं पडणं आणि खरा धक्का यातला फरक अंगानं ओळखणारा माणूस शिट्टी धरून उभा असेल तर खेळाचं किती भलं होईल! गुडघा सावरलेला असेल तर हे काम जमतं. सामन्यात टक्कर नसते, पळणं मात्र भरपूर असतं. चौकशी केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, कार्यालयात करा, शक्यतो सीझन सुरू व्हायच्या आधी. जाण्यापूर्वी फुटबॉलच्या १७ नियमांची चालू वर्षाची पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचा. नियमांतले बदल दरवर्षी १ जुलैपासून लागू होतात. आपण खेळत असतानाचा हँडबॉलचा आणि गोलकिकचा नियम आता तसाच राहिलेला नाही, आणि जुन्या खेळाडूची गफलत नेमकी तिथंच होते.