बेडक्याचं कल्चर: या चुका टाळा

कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून पाहणं. नमुन्याची डबी उघडली की अर्धं उत्तर डोळ्यांनाच कळतं. पातळ, फेसाळ असेल तर ती लाळ; घट्ट, पिवळट, तार धरणारा असेल तर बेडका. तरीही घाईत लाळच कल्चरला लागते. मग तोंडातले जंतू वाढतात, त्यांचीच सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध लागू पडेल ते) छापली जाते आणि रुग्णाला गरज नसलेलं भारी अँटिबायोटिक सुरू होतं. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

म्हणून आधी ग्राम स्टेन, म्हणजे नमुना स्लाइडवर रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहणं. 10 एक्स ऑब्जेक्टिव्हखाली एका फील्डमध्ये स्क्वॅमस (तोंडाच्या अस्तरातल्या) पेशी 10 पेक्षा कमी आणि पू-पेशी 25 पेक्षा जास्त दिसल्या, तर नमुना चांगला. नाहीतर दुसरा मागवा. (टीबीच्या तपासणीला ही चाळणी लावू नका.) रुग्णाला नुसतं "थुंकून द्या" सांगून भागत नाही. चूळ भरायला लावा, दोन-तीन खोल श्वास घेऊन छातीतून खोकायला सांगा.

स्लाइडवर जोडीजोडीने ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय (जांभळे गोल जंतू) भरपूर, पण प्लेटवर काहीच नाही? आधी विचारा, अँटिबायोटिकचा डोस गेला होता का. मग पाहा, डबी किती वेळ टेबलावर पडून होती. न्युमोकोकस (न्यूमोनियाचा हा जोडीने दिसणारा जंतू) नाजूक असतो, आपोआप फुटून विरघळतो. नमुना 2 तासांच्या आत लावायला हवा. ब्लड अगार (जंतू वाढवायचं रक्तमिश्रित माध्यम) आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला होता का, तेही तपासा. हिमोफिलस या दुसऱ्या जंतूसाठी चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताचा) लागतोच.

न्युमोकोकसच्या रिपोर्टमध्ये आणखी एक घोळ वारंवार होतो. 1 मायक्रोग्रॅम ऑक्सासिलिन डिस्कभोवतीचा (औषधाच्या चकतीभोवतीचा) झोन, म्हणजे जंतू न वाढलेलं वर्तुळ, 20 मिमी किंवा जास्त असेल, तर पेनिसिलिन चालतं. पण 19 किंवा कमी आला म्हणून लगेच "रेझिस्टंट" लिहू नका! असे काही जंतू पेनिसिलिनला दाद देतात. एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं सगळ्यात कमी प्रमाण) काढा, ती सोय नसेल तर ती असलेल्या लॅबकडे जंतू पाठवा आणि तोवर रिपोर्टमध्ये "एमआयसी बाकी" असं स्पष्ट लिहा. तेवढ्या एका ओळीने डॉक्टरांच्या हातातलं साधं औषध वाचतं.

सगळेच झोन लहान येत असतील तर जंतूंचं सस्पेन्शन (मिश्रण) 0.5 मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापापेक्षा दाट झालंय किंवा अगार 4 मिमीपेक्षा जाड ओतलाय. डिस्कची बाटलीही पाहा. फ्रीजमधून काढून गार असतानाच उघडली, तर आत दव धरतं आणि औषधाची ताकद उतरते. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण काढा. त्याच दिवशी कंट्रोल स्ट्रेनही (जिचा झोन आधीच माहीत आहे अशी जंतूची जात) लावा. तिचा झोन ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर त्या बॅचचा एकही रिपोर्ट सोडू नका.