डबल्समध्ये पार्टनर निवडताना त्याचे पॉइंट्स कधी गळतात ते बघा

टेनिसमध्ये सिंगल्सचं रँकिंग हलेनासं झालं की बरेच जण डबल्सकडे वळतात. जरूर वळा, पण तिथे सोपं असतं म्हणून नको. एटीपी टूरवर, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत, ड्यूसला (40-40 ला) गेलेला गेम पुढच्या एकाच पॉइंटवर संपतो आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंट्सचा मॅच टायब्रेक असतो. सामना केव्हा हातातून निसटला ते कळतही नाही. एटीपी 250 स्पर्धेत (जिंकणाऱ्याला 250 पॉइंट्स देणाऱ्या) पहिल्या फेरीत हरलात, तर रँकिंगचे पॉइंट्स शून्य.

सर्व्ह, व्हॉली, रिटर्न यांवर मी बोलत नाही, ते तुम्ही करतच असाल. माझा एक अख्खा सीझन गेला तो पार्टनरच्या रँकिंगमुळे.

एन्ट्री दोघांच्या रँकिंगच्या बेरजेवर मिळते. समजा तुमचं 140, त्याचं 90. बेरीज 230 आणि कट, म्हणजे प्रवेशाची शेवटची बेरीज, 250 ला लागला, तर तुम्ही ड्रॉमध्ये, म्हणजे स्पर्धेत खेळणाऱ्या जोड्यांत. पण ते 90 आलं कुठून? रँकिंगमध्ये मागच्या 52 आठवड्यांचेच पॉइंट्स धरतात. त्याने गेल्या वर्षी एखादी एटीपी 250 जिंकली असेल, तर ते 250 पॉइंट्स वर्ष भरलं की एका सोमवारी एकदम जातात. तो 125 वर घसरला की बेरीज 265. तुमचं काहीही न बिघडता तुम्ही बाहेर! माझ्या बाबतीत हे ऐन सीझनच्या मध्यात झालं. तोवर बाकीच्या सगळ्या जोड्या ठरलेल्या होत्या, आणि आठवडेच्या आठवडे मी पर्यायी यादीकडे, कुणी माघार घेतली तर जागा मिळेल म्हणून, डोळे लावून बसायचो. म्हणून जोडी जमवण्याआधी सरळ विचारा, येत्या तीन महिन्यांत तुझे किती पॉइंट्स जाणार आहेत? आपलेही सांगा. यात संकोच करू नका.

सिंगल्सच्या मोठ्या खेळाडूला गाठून ड्रॉमध्ये शिरण्याची पळवाट मला पटत नाही. त्याच्या सिंगल्स रँकिंगवर जागा मिळते, हे खरं. पण तो सिंगल्समध्ये पुढे गेला की डबल्समधून माघार घेतो, आणि तुमचा आठवडा फुकट. सल्ला घ्यायचा तर टूरवर वर्षानुवर्षं डबल्स खेळलेल्या माणसाचा घ्या. सिंगल्सचे कोच फटके उत्तम शिकवतात, पण जोडीचं गणित त्यांना क्वचितच ठाऊक असतं.

बक्षिसाची रक्कम दोघांत वाटली जाते. पॉइंट्स मात्र प्रत्येकाला पूर्ण मिळतात आणि जोडी फुटली तरी आपल्याच खात्यावर राहतात, त्यामुळे एक पार्टनर सोडून गेला म्हणून खचू नका. वयाची भीती तर मुळीच नको. रोहन बोपण्णा 2023 मध्ये मॅथ्यू एब्डनबरोबर खेळू लागला, आणि 2024 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून जागतिक क्रमवारीत पहिला झाला तेव्हा 43 वर्षांचा होता.

नवीन जोडी असेल तर डाव्या-उजव्या बाजूचा निर्णय मात्र पहिल्या सरावातच घ्या. ड्यूसनंतरच्या त्या निर्णायक पॉइंटला रिटर्न कोण करणार हे रिटर्न करणारी जोडी ठरवते, आणि ते कोर्टवर उभं राहून ठरवायला वेळ नसतो.