पेलेट स्टोव्हच्या दुरुस्तीचं काम शिकताना

लहानपणी सांगलीत आमच्या मागच्या अंगणात भुशाची शेगडी होती. वखारीतून पोतं भरून लाकडाचा भुसा यायचा. आजी शेगडीच्या मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायची आणि बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची. खालच्या तोंडातून पेटवलं की आंघोळीचं पाणी तासन्‌तास तापत राहायचं. भुसा दमट निघाला तर मात्र नुसता धूर. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये घर गरम ठेवणाऱ्या स्टोव्हच्या दुकानात कामाला लागले, पहिल्या दिवशी पेलेटची पिशवी फोडली आणि त्या वासाने मला ती शेगडी आठवली. पेलेट म्हणजे तोच भुसा, दाबून सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या केलेला. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलं लिग्निन, म्हणजे त्याचा नैसर्गिक डिंकच, मऊ होतं, आणि तेच त्याला धरून ठेवतं.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमा केलेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले आणि वर्क परमिट हातात येईपर्यंत घरीच होते. परमिट आल्यावर गावातल्या दुकानाबाहेर ‘हिवाळ्यापुरता मदतनीस हवा’ अशी पाटी दिसली, आत गेले. आता सहावा हिवाळा चालू आहे. नव्याने इकडे आलेल्या मुली विचारतात, हे काम आपल्याला जमेल का? जमतं. मीटर धरता येत असेल, तर अर्धी वाट आधीच चाललेली असते. इथली वीज १२० व्होल्टची आहे, एवढं डोक्यात ठेवायचं आणि पॅनेल उघडण्याआधी प्लग काढायचा.

यंत्र तसं सरळ आहे. वर हॉपर, त्यात ४० पौंडांची पिशवी रिकामी करायची. त्याच्या तळाशी ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा दांडा; तो थोडे थोडे पेलेट बर्न पॉटमध्ये, म्हणजे ते जळतात त्या भोकाभोकांच्या भांड्यात, सोडतो. इग्नायटर तापून पहिले पेलेट पेटवतो. ब्लोअर, म्हणजे पंखे, दोन असतात: एक धूर बाहेर ओढतो, दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. नवीन माणूस या दोघांत हमखास गोंधळतो. आणि एक व्हॅक्यूम स्विच. भट्टीतली हवेची ओढ कमी झाली की तो ऑगरची वीज तोडतो.

या स्विचनेच मला धडा शिकवला. पहिल्या हिवाळ्यातला जानेवारी, बाहेर उणे २०. ऐंशीच्या पुढच्या एक आजी एकट्या राहायच्या. त्यांचा स्टोव्ह पेटायचा आणि दहा मिनिटांत पेलेट पडायचे थांबायचे. मीटर लावला, व्हॅक्यूम स्विच उघडा दाखवत होता, म्हणजे त्यातून वीज पुढे जात नव्हती. नवीन बसवला, स्टोव्ह चालला, मी समाधानाने घरी आले. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

या वेळी आमचे सीनियर बरोबर आले. त्यांनी मीटर बाहेरच काढला नाही. स्टोव्ह पेटवून समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “ज्योत बघ.” ज्योत उंच, सुस्त, नारिंगी होती, टोकाला काळपट धूर, काचेवर काजळी. हवा पुरेशी मिळाली की ज्योत आखूड, पिवळी-पांढरी आणि चपळ असते. स्टोव्ह थंड झाल्यावर त्यांनी भट्टीच्या मागच्या प्लेटा काढल्या. आत मैद्यासारखी मऊ राख ओंजळी भरभरून निघाली. बाहेर पाइपचं तोंड अर्धं बुजलेलं. धूर निघायला वाट नव्हती, ओढ कमी पडत होती, आणि जुना स्विच तेवढंच सांगत होता. तो चांगला होता. दुकानाने आजींचे पैसे परत केले, पण दोन दिवस त्या एका छोट्या इलेक्ट्रिक हीटरपुढे शाल गुंडाळून बसल्या होत्या, हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: राख, हवा, पेलेट, मग वीज. पार्ट बदलायचा तो सगळ्यात शेवटी.

बर्न पॉट बाहेर काढून उजेडासमोर धरा. त्याची भोकं एकूण एक मोकळी दिसली पाहिजेत. तळाशी वीटभट्टीतल्या खंगरासारखी कडक खपली जमते; राखेतली वाळू वितळून ती होते. खरवडून काढा, भोकांतून तार फिरवा. व्हॅक्यूम स्विचची रबरी नळी फुंकून साफ करायची, पण आधी स्विचवरून काढून. तशीच फुंकली तर आतला नाजूक पडदा फाटतो. दाराची गॅस्केट, म्हणजे फटीतून हवा जाऊ न देणारी कडेची पट्टी, तपासायला एक डॉलरची नोट दारात धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली, तर गॅस्केट बदलायची वेळ झाली.

पेलेट बोटांत चुरून पाहा. चांगला कडक आणि तुकतुकीत असतो, कट्‌कन मोडतो. ओल लागलेला फुगतो, निस्तेज दिसतो, चुरा होतो आणि ऑगरमध्ये घट्ट बसतो. पिशव्या तळघराच्या काँक्रीटवर थेट ठेवू नका, खाली लाकडी फळ्या हव्यात.

आता जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. स्टोव्ह पेटला नाही म्हणून बटण पुन:पुन्हा दाबू नका. बर्न पॉटमध्ये पेलेटचा ढीग साठतो, नुसता धुमसतो, भट्टीत धूर कोंडतो आणि एकदम भडका उडून काच फुटू शकते. सगळं थंड होऊ द्या, पॉट रिकामा करा, मगच पुन्हा लावा. राखेला घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर कधीही लावू नका. राखेत निखारे बराच वेळ जिवंत राहतात. धातूची झाकणाची बादली घ्या आणि ती घराबाहेर, लाकडापासून लांब ठेवा. वीज गेली की धूर ओढणारा ब्लोअरही थांबतो आणि धूर खोलीत येऊ शकतो. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल, तर मी ग्राहकाला तो आधी आणायला लावते.

नॅशनल फायरप्लेस इन्स्टिट्यूट ही या कामाचं प्रमाणपत्र देणारी इथली संस्था; तिची पेलेटसाठी वेगळी परीक्षा आहे. एक हिवाळा हाताने काम केल्यावर द्या. पुस्तकातली आकृती मग ओळखीची वाटते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोनला उसंत नसते, सगळ्यांना तेव्हाच सफाई आठवते. मी मात्र ग्राहकांना एप्रिलची वेळ देते. उन्हाळाभर आत राहिलेली राख दमट हवा शोषते आणि लोखंड गंजवते. हॉपर रिकामा करून तळाचा भुसाही काढायचा. आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा पेटवण्याआधी बाहेर जाऊन पाइपच्या तोंडात टॉर्च मारायचा. गेल्या वर्षी एका घरी तिथे पक्ष्याचं रिकामं घरटं निघालं, काड्यांनी गच्च भरलेलं.