पडून राहिलेली चेनसॉ परत चालू करायची तर

२०२० च्या जूनमधे निसर्ग वादळ झालं तेव्हा रायगडात पडलेली झाडं कापायला घाईघाईने घेतलेल्या चेनसॉ आता पडवीत पोत्याखाली पडल्यात, आमची पण त्यातलीच.

आधी दोरी ओढत बसू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, उघडल्या उघडल्या व्हार्निशसारखा वास येतो त्यावरूनच कळतं. मग तारेचा हूक करून टाकीतला फिल्टर ओढून घ्या, आमचा ओढला तर नळीच तुटून हातात आली, बिस्किटासारखी झालेली. नळी, फिल्टर दोन्ही नवीन टाका, फार पैसे जात नाहीत. कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) कडक झाला असेल तर नुसतं धुवून पुसून काही उपयोग नाही, किटच बदला.

प्लग काढून भोकात टू-स्ट्रोक ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी हळू ओढून पिस्टन मोकळा फिरतो ना बघा. प्लगची गॅप साधारण ०.५ मिमी.

मिक्स, म्हणजे पेट्रोलात टू-स्ट्रोक ऑइल घालायचं ते, बहुतेक मशीनना लिटरला २० मिली, पण जुन्या मॅन्युअलमधे २५:१ असेल तर ४० मिलीच घाला. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, म्हणून लागेल तेवढंच बनवा. चेनच्या ऑइलची टाकी वेगळी, हे लोक हमखास विसरतात. चालू झाली की बारचं (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचं) टोक पुठ्ठ्यासमोर जरा लांब धरून रेस करा, तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेन जागच्या जागी थांबवणारा चेन ब्रेक लागतो ना तेही बघा, त्याशिवाय लाकडाला लावूच नका.

ठेवताना टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवायची.