१४ आणि १५ नंबरची पिन

रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर मायक्रोपायथन (अशा चिपांसाठीचं छोटं पायथन) टाकलं की एलईडी कमी-जास्त प्रखर करायला पाच-सहा ओळी पुरतात. ‘मशीन’मधून ‘पिन’ आणि ‘पीडब्ल्यूएम’ (पल्स विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे पिन भरभर चालू-बंद करणं) इम्पोर्ट करायचं, फ्रिक्वेन्सी १००० ठेवायची, ‘ड्यूटी_यू१६’ला ० ते ६५५३५ मधला आकडा द्यायचा. पिन कधीच अर्धवट चालू नसते. सेकंदाला हजार वेळा ती पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होते. त्यातला चालू वेळ, म्हणजे ड्यूटी, वाढला की डोळ्याला उजेड वाढलेला दिसतो. तुमच्याकडे पिको डब्ल्यू असेल तर बाहेरची एलईडी रेझिस्टरसह लावा. त्या बोर्डावरची एलईडी वायरलेस चिपला जोडलेली असते, तिच्यावर हा प्रयोग होत नाही.

मी अडलो ते सर्वो मोटरपाशी, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरपाशी. एलईडी १४ नंबरच्या पिनवर (जीपी१४) होती, म्हणून सर्वो शेजारच्या १५ वर लावली. सर्वोला साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स हवी, म्हणजे ५० हर्ट्झ. पल्स दीड मिलिसेकंदाची असली की दांडी मध्यावर. टक्केवारीत हे साडेसात टक्के, ‘ड्यूटी_यू१६’मध्ये सुमारे ४९१५. मला विचाराल तर सर्वोसाठी ‘ड्यूटी_एनएस’ (पल्सची लांबी नॅनोसेकंदांत) वापरा आणि सरळ १५००००० लिहा. मोटर वेळेची भाषा समजते, कोडमध्येही वेळच दिसू दे. सुरुवातीला १ ते २ मिलिसेकंदांच्या आतच राहा.

सर्वो छान वळली, पण एलईडी फडफडायला लागली. मी रेझिस्टर बदलला, जम्पर वायर बदलल्या, एलईडीही बदलली. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी दिवा मालवून ब्रेडबोर्ड हातात धरून हलवला, तर अंधारात उजेडाची सलग रेघ उमटेना, सुटे सुटे ठिपके दिसले. एलईडी हजारावर नव्हतीच, ती ५० हर्ट्झवर चालली होती.

कारण चिपच्या डेटाशीटमधल्या (तांत्रिक माहितीपत्रकातल्या) तक्त्यात होतं. पिकोच्या आरपी२०४० चिपमध्ये पीडब्ल्यूएम तयार करणारे आठ स्लाइस (भाग) आहेत, प्रत्येकात ए आणि बी असे दोन चॅनल. ड्यूटी दोघांची वेगळी ठेवता येते, फ्रिक्वेन्सी मात्र एकच. १४ म्हणजे ७ए, १५ म्हणजे ७बी. सर्वोला ५० दिले की एलईडीचे हजार गेले, आणि पायथनने एका शब्दाने तक्रार केली नाही.

सर्वोची सिग्नल वायर १६ वर नेली आणि फडफड थांबली. १६ म्हणजे ०ए. पण ० नंबरची पिनसुद्धा ०एच आहे, त्यामुळे या दोन पिनांवर वेगवेगळे पीडब्ल्यूएम सिग्नल मिळत नाहीत. सर्वोची लाल वायर ३.३ व्होल्टला न जोडता व्हीबसच्या (यूएसबीतून येणाऱ्या) ५ व्होल्टला जोडा, ग्राउंड सामाईक ठेवा.

हल्ली वायर हातात घेण्याआधी मी वहीत जोड्या मांडतो: ०-१, २-३, ४-५. सर्वो एका जोडीत, दिवे दुसऱ्या.